'अमेरिका द ब्यूटिफुल' वार्षिक पास: वर्षभर वापरल्यावर

अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांत वर्षभर प्रवेश देणारं ८० डॉलरचं हे कार्ड आम्ही मार्च २०२५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या गेटवर घेतलं. हिशेब सोपा आहे. तेव्हा झायन आणि ब्राइस कॅन्यनला गाडीमागे ३५ डॉलर होते, आर्चेस आणि कॅन्यनलँड्सला ३०, कॅपिटल रीफला २०. युटातली ही पाच पार्कं केली की झाले १५०. एका कार्डावर गाडीतले सगळे आत. आमच्या गाडीत आम्ही दोघं, मुलं आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा.

पण मी पाच तारे देतोय ते पैसे वाचले म्हणून नाही. गेटवर ३५ डॉलर मोजले की आपली माणसं ते वसूल करायला निघतात. मग आईचे गुडघे दुखोत की मुलं कंटाळोत, एकूण एक पॉइंट बघायचाच. (तिकीट सात दिवस चालतं म्हणा, पण पुढच्या गावातलं हॉटेल बुक असल्यावर त्याचा काय उपयोग?) पास असला की हे ओझंच जातं. ब्राइसची रिम (दरीची वरची कड) ८,००० फुटांवर आणि गाडीरस्त्याचं शेवटचं टोक, रेनबो पॉइंट, ९,००० च्याही वर. बाबांना दम लागतोय म्हटल्यावर सनसेट पॉइंटला थर्मासमधला चहा घेतला आणि सरळ हॉटेलवर परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आत. "एवढे पैसे भरले आणि..." हे वाक्य कुणाच्या तोंडी आलं नाही. आमच्या बाबांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

त्याच जोरावर वाट वाकडी करून नॅचरल ब्रिजेसला गेलो. एरवी संध्याकाळपुरतं २० डॉलर भरून तिथे कोण जाणार? दगडाचे तीन नैसर्गिक पूल; १९०८ पासून संरक्षित आणि २००७ मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' (रात्रीचा काळोख जपणारं पार्क) ठरलेलं ठिकाण. अंधार पडल्यावर आईने नातवंडांना सप्तर्षींमधले वसिष्ठ-अरुंधती दाखवले. पुण्यात वाढलेल्या मलाही अरुंधती इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती. जाणार असाल तर वाटेतल्या हँक्सव्हिल गावातच टाकी फुल करा. तिथून ब्लँडिंगपर्यंतच्या सव्वाशे मैलांत पंपाच्या भरवशावर राहू नका.

कॅपिटल रीफला हायवे २४ वरून जाताना पास लागतच नाही, पार्कातल्या 'सीनिक ड्राइव्ह' या रस्त्यालाच लागतो. पार्कातल्याच फ्रुटामध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीने लावलेल्या फळबागा आहेत आणि गिफर्ड हाउस या जुन्या घरात फळांचा 'पाय' (pie) मिळतो. बाबा तिथून हलायला तयार नव्हते.

आता हा पास कुठे चालत नाही ते. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटेलोप कॅन्यन नवाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहेत. तिथली फी वेगळी, आणि ती द्यायलाच हवी. डेड हॉर्स पॉइंट हे स्टेट पार्क, म्हणजे राज्य सरकारचं, तिथेही नाही. कॅम्पिंगचे पैसे वेगळे. आर्चेसला आम्ही गेलो तेव्हा सकाळी ७ ते दुपारी ४ या वेळेत आत शिरायचं तर पास असूनही वेळेचं आरक्षण लागत होतं. कार्डासोबत फोटो आयडी दाखवावा लागतो. हरवलं तर बदली मिळत नाही, मी त्यासाठी एक तारा कापणार होतो.

घ्यायचाच असेल तर महिन्याच्या सुरुवातीला घ्या, कारण मुदत पुढच्या वर्षी त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपते. आई-वडिलांकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ किंवा जास्त असेल तर त्यांच्या नावाने सीनियर पास काढा: वर्षाला २० डॉलर, आयुष्यभरासाठी ८०. आमचे टुरिस्ट व्हिसावर, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. भारतातून येऊन फिरणाऱ्यांसाठी मात्र २०२६ पासून गणित बदललंय: ८० चा दर आता इथल्या रहिवाशांनाच, बाहेरच्यांना हाच पास २५० डॉलरला. आणि तो नसेल तर ग्रँड कॅन्यन, ब्राइस, झायन धरून ११ पार्कांत १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला १०० डॉलर जादा.

आमचं कार्ड मार्चअखेर संपतंय. लगेच नवीन घेणार नाही. धाकटी यंदा चौथीत जाईल, आणि इथे चौथीच्या मुलांना १ सप्टेंबरपासून वर्षभराचा पास फुकट मिळतो, त्यावर अख्खी गाडी आत जाते. तोवर स्टेट पार्कं.