सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: टीव्हीवर दिसतो तसा सपाट अजिबात नाहीये

टीव्हीवर ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा बघताना कायम वाटायचं की स्कॉटलंडमधला हा कोर्स म्हणजे समुद्राकाठचं मोठं सपाट माळरान आहे, त्यात एवढं काय. पण पहिलं आणि अठरावं होल (खेळाचा एकेक टप्पा, शेवटी बॉल खड्ड्यात टाकायचा) सोडलं तर इथे सपाट असं काही नाहीच, सगळीकडे उंचवटे नि खळगे, खाली वाळू आणि गवत इतकं बारीक नि जमीन इतकी कडक की बॉल पडला तरी थांबत नाही, घरंगळत कुठच्या कुठे जातो. आपल्याकडे मऊ ग्रीनवर (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) उंच शॉट मारून बॉल जागच्या जागी थांबवायची सवय असते, ती इथे सोडावीच लागते.

कॅडी (काठ्यांची बॅग घेऊन सोबत चालणारा, सल्ला देणारा माणूस) ग्रीनच्या बऱ्याच अलीकडूनच हातात पटर (बॉल जमिनीवरून ढकलायची काठी) द्यायचा आणि झेंडा सोडून बाजूच्या उंचवट्याकडे मार म्हणायचा. बॉल वर चढून, वळून होलकडे यायला लागला की जे वाटतं ना, त्यासाठी परत जाईन मी! म्हणून बाकी कुठेही पैसे वाचवा पण कॅडी घ्याच. बंकर (वाळूचे खड्डे) ११२ आहेत आणि त्यातले कितीतरी टीवरून (होलचा पहिला शॉट मारायची जागा) दिसतच नाहीत, कारण पूर्वी हाच कोर्स उलट्या दिशेनेही खेळायचे, तिकडून ते बरोबर समोर दिसतात.

७ ग्रीन दोन-दोन होल्सना मिळून आहेत, आणि जोडीतल्या होल्सच्या नंबरांची बेरीज दरवेळी १८ येते (दुसरं-सोळावं, पाचवं-तेरावं असं). जाताना पांढरे झेंडे, येताना लाल, हे डोक्यात ठेवा. सतराव्याला हॉटेलच्या कोपऱ्यावरून टी शॉट मारायचा, फेअरवे (टी ते ग्रीनमधला गवताचा पट्टा) दिसत नाही, ग्रीनमागे खरा डांबरी रस्ता आणि बॉल तिथे गेला तर तिथूनच खेळावा लागतो. हे होल मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात भारी वाटलं.

फी सीझनमध्ये ३०० पौंडांच्या वर, महाग आहेच. पण १७६४ मध्ये जिथे २२ होल्सचे १८ केले आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला, तो कोर्स आजही पब्लिक आहे, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत मेंबरच्या ओळखीशिवाय आत जाणं अवघड, इथे ४८ तास आधी बॅलटमध्ये (सोडतीत) नाव टाकायचं, नंबर लागला की खेळायचं. रविवारी सहसा खेळ बंद असतो, तेव्हा गावातली माणसं कुत्री घेऊन फेअरवेवर फिरतात. बॅलटमध्ये नंबर नाही लागला तर रविवारी नुसतं चालत सतराव्यापर्यंत जाऊन या, फुकट आहे.