१९७७ चा स्टार वॉर्स बघायचाय? मग डिस्पेशलाइज्ड, ४के७७ की अधिकृत ४के?

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला, म्हणाली लेकीला स्टार वॉर्स बघायचाय, अगदी पहिला, हॉटस्टारवर दिसतोय तोच लावू ना? मी म्हटलं थांब, आज नको लावूस. मग अर्धा तास जे बोललो ते इथे लिहून काढतोय, कारण हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि प्रत्येक वेळी मी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करत बसतो.

मुद्दा असा की अधिकृतपणे जो मिळतो तो २५ मे १९७७ ला थिएटरात लागलेला पिक्चर नाहीये. दिग्दर्शक जॉर्ज लुकासने १९९७ मध्ये स्पेशल एडिशन काढली, त्यात कॉम्प्युटरवर बनवलेले प्राणी घुसवले, जबा या गुंडाचा आधी कापलेला सीन परत टाकला, नायकांपैकी एक असलेला हान सोलो आधी गोळी झाडतो तिथे त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला आधी झाडायला लावली. मग २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल, २०११ च्या ब्लू-रेत आणखी, २०१९ च्या ४के मध्ये तोच ग्रीडोचा सीन पुन्हा बदलून त्याच्या तोंडी एक नवाच शब्द. म्हणजे बेचाळीस वर्षं दुरुस्त्या चालू. आणि यात माझं जे सगळ्यात जास्त दुखतं ते हे, की या पिक्चरला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं होतं, आणि नेमकं ते हाताने केलेलं काम, ती मॉडेल्स, ती ऑप्टिकल प्रिंटरवर एकावर एक चढवलेली दृश्यं, त्यातली बरीचशी आता अधिकृत आवृत्तीत नाहीतच. १९८८ मध्ये याच लुकासने अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन सांगितलं होतं की जुन्या कलाकृतींमध्ये फेरफार करणं हा रानटीपणा आहे, तेव्हा विषय काळ्या-पांढऱ्या पिक्चरना रंग देण्याचा होता. त्याचं तेव्हाचं म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं.

मूळ आवृत्ती लुकासच्या कंपनीने, लुकासफिल्मने, डीव्हीडीवर दिली ती २००६ मध्ये, जादाची डिस्क म्हणून. ती १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) बनवलेल्या मूळ कॉपीवरून उचललेली, त्यामुळे आजच्या टीव्हीवर लावली की चित्र मध्यभागी छोटं आणि चारी बाजूंनी काळी चौकट, झूम केलं की सगळं पिठासारखं. हा पर्याय मी इथेच बाद करतो. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली तर संग्रहासाठी घ्या, बघण्यासाठी नको.

मग उरतात तीन. अधिकृत ४के, चाहत्यांनी जुळवलेली डिस्पेशलाइज्ड एडिशन, आणि चाहत्यांनीच जुन्या प्रिंटवरून स्कॅन केलेला ४के७७. शेवटच्या दोघांना लोक एकाच पिशवीत टाकतात, 'ते फॅन व्हर्जन' म्हणून, पण दोघांमागचा विचार पूर्ण वेगळा आहे आणि तो कळला की निवड आपोआप होते.

डिस्पेशलाइज्ड बनवली हार्मी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चेक चाहत्याने, बाकीच्या बऱ्याच जणांच्या मदतीने. त्याने अधिकृत ब्लू-रे पायाला घेतली आणि जिथे जिथे बदल केलेत तिथे दुसरीकडून तुकडे आणून मूळ दृश्य परत बसवलं. कुठे ती २००६ ची डीव्हीडी, कुठे टीव्हीवर एचडीत दाखवलेली कॉपी, कुठे फिल्मचे स्कॅन, कुठे नुसते जुने फोटो. कधी कधी एकाच फ्रेमचा अर्धा भाग ब्लू-रेचा आणि अर्धा दुसरीकडचा, आणि तुम्हाला सांगितलं नाही तर कळणार नाही. रंगसुद्धा जुन्या टेक्निकलर प्रिंटचा अंदाज घेऊन परत लावलेत. आपल्याकडे एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, प्रती समोर ठेवून मागून घुसलेले पाठ बाजूला काढले, तसं हे काम. हातात येतं ते शुद्ध, वाचायला सोपं, पण नेमकी तशीच्या तशी प्रत जगात कुठे अस्तित्वात नव्हती.

४के७७ म्हणजे एक जुनी पोथी घेऊन तिच्या पानापानाचा फोटो काढणं. टीम निगेटिव्ह वन नावाच्या गटाने १९७७ ची एक खरी ३५ एमएम टेक्निकलर रिलीज प्रिंट, म्हणजे थिएटरात चालवायची फिल्म, मिळवली, ४के मध्ये स्कॅन केली, साफ केली आणि २०१८ मध्ये बाहेर काढली. त्यांच्याच म्हणण्यानुसार ९७ टक्के चित्र त्या एकाच प्रिंटमधलं आहे, उरलेलं जिथे फिल्म तुटली-खराब झाली तिथे दुसरीकडून भरलंय. कामाचा आवाका डोळ्यासमोर आणायचा तर गणित करा, पिक्चर १२१ मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,७४,२४० फ्रेम. फिल्मची लांबी सव्वातीन किलोमीटरच्या वर. त्यातला धूळ, ओरखडे, जोड, डाग असा कचरा नोकरीधंदा सांभाळून रात्री बसून साफ करायचा, आणि वर एक पैसा मिळणार नाही हे माहीत असताना. मला या माणसांबद्दल प्रचंड आदर आहे, लपवण्यासारखं काही नाही त्यात.

आता टेक्निकलर प्रिंटच का, हे समजून घ्या कारण सगळी मेख तिथेच आहे. तेव्हाच्या बहुतेक प्रिंट ईस्टमन फिल्मवर निघायच्या आणि त्यांचा निळसर-हिरवा थर आधी उडतो, मग वीस-तीस वर्षांत अख्खा पिक्चर गुलाबी होऊन बसतो. ज्यांनी गावाकडे तंबूत जुने हिंदी-मराठी रंगीत पिक्चर बघितलेत त्यांना तो गुलाबी रंग बरोबर आठवेल, आणि पडद्यावर पडणारा तो ओरखड्यांचा पाऊसही. टेक्निकलरची पद्धत वेगळी, त्यात रंग छापखान्यासारखे एकेक करून फिल्मवर उतरवतात आणि ते रंग उडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. अमेरिकेत ही पद्धत सत्तरच्या दशकाच्या मध्यात बंद झाली, पण ब्रिटनमध्ये १९७८ पर्यंत चालू होती, म्हणून स्टार वॉर्सच्या काही प्रिंट तिथे अशा निघाल्या. अगदी १९९७ च्या स्पेशल एडिशनच्या वेळी कंपनीलासुद्धा मूळ रंग कसे होते हे बघायला टेक्निकलर प्रिंटच काढावी लागली होती! आणि जून २०२५ मध्ये लंडनच्या बीएफआयने (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) आपल्या थंड कोठीत उणे ५ अंशांना जपलेली अशीच एक प्रिंट लोकांना पडद्यावर दाखवली, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांची फिल्म, रंग शाबूत. मला तिथे जाता आलं नाही याची चुटपुट अजून आहे.

मग ४के७७ सगळ्यात भारी का? नाही, इथेच लोक फसतात. नाव ४के म्हणून अधिकृत ४के पेक्षा जास्त बारकावे दिसतील असं समजू नका. अधिकृत आवृत्ती निगेटिव्हवरून, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्मवरून आलीये. प्रिंट ही निगेटिव्हची थेट कॉपी नसते, निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, त्यावरून परत निगेटिव्ह, मग प्रिंट, झेरॉक्सची झेरॉक्स जशी हळूहळू उडत जाते तसं दर पायरीला थोडं थोडं गळतं. शिवाय प्रिंट बनते ती थिएटरच्या दिव्यासाठी, त्यामुळे काळोखातले भाग स्कॅनमध्ये आणखी काळे दिसतात. म्हणून केसाकेसातला फरक, कापडाचा पोत असलं बघायचं असेल तर अधिकृत डिस्कच पुढे आहे हे मी प्रामाणिकपणे सांगतो, फक्त तिथे ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, इतकं घासून काढलंय की काही ठिकाणी चेहरे मेणाचे वाटतात.

४के७७ मध्ये मिळतं ते म्हणजे १९७७ ला थिएटरात बसलेल्या माणसाला जे दिसलं त्याच्या सगळ्यात जवळचं चित्र. ग्रेन हलतंय, रंग दाट, मधूनच एखादा ठिपका उडून जातो, वाळवंटातलं ऊन खरंच ऊन वाटतं. सुरुवातीच्या वर सरकणाऱ्या मजकुरात 'एपिसोड चार' नाही, कारण ते १९८१ च्या री-रिलीजला घातलं गेलं. याच्या दोन प्रती आहेत, एक ग्रेन कमी केलेली आणि एक जशीच्या तशी. जशीच्या तशी घ्या. ग्रेन म्हणजे घाण नाही, चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं, ते पुसलं की चित्रच पुसतं. लॅपटॉपवर बघणार असाल तर फार फरक पडणार नाही पण प्रोजेक्टर असेल तर दुसरा विचारच करू नका.

डिस्पेशलाइज्डचं रिझोल्युशन ७२०पी आहे, आकडा ऐकून लोक नाक मुरडतात, पण पन्नास इंची टीव्हीवर आठ-दहा फुटांवरून बघाल तर चित्र स्वच्छ, स्थिर, आजच्या डोळ्याला सवयीचं. जुनं फिल्मचं चित्र कधीच न बघितलेल्या पोरांना बसवायचं असेल तर हीच बरी, कारण ठिपके-ओरखडे दिसले की ती विचारत बसतात की पिक्चर खराब आहे का आणि गोष्टीतून बाहेर येतात. फाइलही त्या मानाने आटोपशीर, साध्या पेनड्राइव्हवरून टीव्हीवर चालते. ४के७७ ची मोठी फाइल माझ्या जुन्या टीव्हीवर चालतच नव्हती, शेवटी कॉम्प्युटर जोडावा लागला, हे आधी तपासून ठेवा नाहीतर सगळे जेवून बसलेत आणि तुम्ही वायरी शोधताय असं होतं.

आवाजाचं एक सांगायचं राहिलं. १९७७ मध्ये आवाजाचे तीन वेगवेगळे मिक्स होते, ७० एमएमसाठी सहा ट्रॅकचा, ३५ एमएमचा डॉल्बी स्टिरिओ, आणि साध्या थिएटरांसाठी मोनो. मोनोमध्ये काही वाक्यं वेगळी आहेत, नायक ल्यूकच्या बेरू काकूचा तर आवाजच दुसऱ्या बाईचा आहे. चाहत्यांच्या दोन्ही आवृत्त्यांमध्ये जुने ट्रॅक जोडलेत, पहिल्यांदा बघताना ३५ एमएमचा स्टिरिओ लावा आणि दुसऱ्यांदा मुद्दाम मोनो लावून बघा, मजा येते.

आता कायद्याचं, आडपडदा न ठेवता. हे हक्क लुकासफिल्मचे, म्हणजे २०१२ पासून डिस्नेचे, आणि चाहत्यांच्या या दोन्ही आवृत्त्यांना कुठलीही परवानगी नाही. बनवणारे पैसे घेत नाहीत आणि अधिकृत डिस्क आधी विकत घ्या असंच सांगतात. मी स्वतः डिस्क घेतलीये. पण डिस्क घेतली म्हणून कायद्याने सगळं माफ होतं असं अजिबात नाही, तो निर्णय ज्याचा त्याने समजून घ्यायचा. लिंक मी देणार नाही. आणि कोणी ऑनलाइन छान कव्हर छापून या डिस्क विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका, तो दुसऱ्याच्या फुकट केलेल्या कष्टांवर पैसे कमावतोय. ज्यांना हे सगळं नकोच असेल त्यांच्यासाठी चांगली बातमी म्हणजे १९७७ ची थिएटर आवृत्ती नव्याने रिस्टोअर करून २०२७ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, थिएटरात आणणार असं कंपनीनेच जाहीर केलंय. थांबायची तयारी असेल तर थांबा, मी तर पहिल्या दिवशी जाणार. पण इतकी वर्षं ही मागणी जिवंत ठेवली ती या चाहत्यांनीच असं माझं मत आहे, आणि त्यात बदल होणार नाही.

आपल्याकडे 'आलम आरा'ची एकही प्रिंट उरलेली नाही, आणि पुण्यात २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठीला आग लागून फिल्म संग्रहालयाची नायट्रेट रिळं, म्हणजे झटकन पेटणारी जुनी फिल्म, जळाली. म्हणून प्रिंट म्हटलं की माझा जीव जरा जास्तच अडकतो. तुमच्या घरात, एखाद्या बंद थिएटरात, काकांच्या माळ्यावर जुनी रिळं असतील तर स्वतः स्कॅन करायच्या फंदात पडू नका, आंबट व्हिनेगरसारखा वास येत असेल, म्हणजे फिल्म सडायला लागली असेल, तर तर नाहीच, सरळ पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा. स्टार वॉर्सच्या शेकडो प्रिंट निघाल्या होत्या, तुमच्या माळ्यावरचं रीळ एकुलतं एक असू शकतं.

पुढच्या दोन भागांचं पण लोक विचारतात. तिसऱ्याचा, म्हणजे १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'चा, त्याच गटाने ४के८३ काढलाय आणि तो बिनधास्त घ्या, कारण तोपर्यंत कोडॅकची कमी उडणारी फिल्म आली होती त्यामुळे प्रिंटचे रंग टिकलेत, शिवाय शेवटी इवॉक या अस्वलासारख्या प्राण्यांचं जुनं गाणं आणि ॲनाकिनच्या भूमिकेत मूळचा नट सेबास्टियन शॉ, सगळं जागेवर. १९८० चा दुसरा भाग, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक', मधल्या मध्ये अडकला, ब्रिटनची टेक्निकलर बंद झालेली आणि नवी फिल्म अजून आलेली नाही, त्यामुळे बहुतेक प्रिंट गुलाबी पडलेल्या, म्हणूनच ४के८० तिघांत शेवटी आला. एम्पायरसाठी मी अजूनही डिस्पेशलाइज्डच लावतो, मुळात त्या पिक्चरमध्ये बदल सगळ्यात कमी झालेत, आणि कायद्याच्या भानगडीत पडायचं नसेल तर तीन भागांत अधिकृत चालवून घेता येईल असा हा एकच.

ताईला मी पहिल्यासाठी डिस्पेशलाइज्ड सुचवली, भाची बारा वर्षांची आहे आणि टीव्ही साधा आहे म्हणून. दिवाळीत ती आमच्याकडे येतेय, तेव्हा भिंतीवर प्रोजेक्टर लावून ४के७७ दाखवणार आहे, ग्रेनसकट.