अपघात क्लेमचे फॉर्म भरून देणारं झेरॉक्स दुकान, उद्यमबाग, बेळगाव

आमच्या ह्यांचा हात फौंड्रीत मशीनमध्ये सापडला, तर्जनीची दोन पेरं गेली. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असलं की कामावरच्या अपघातात डॉक्टरनी दिलेल्या रजेत सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात, हे मला ह्या दुकानातल्या काकांनी सांगितलं, कारखान्यातनं कोणी बोललं नाही बघा. कागद सगळे कन्नड नाहीतर इंग्लिश, मी खानापूरकडच्या मराठी शाळेत शिकलेली, काकांनी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली आणि मगच ह्यांना सही करायला लावली, ती पण डाव्या हातानं, घाई न करता. मालकानं पाठवायचा अपघाताचा रिपोर्ट तसाच पडून होता, तो पण त्यांनीच फोन करकरून पाठवायला लावला. मेडिकल बोर्डाला (अपंगत्व किती ते ठरवणारे डॉक्टर) जाताना एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून दिलं. कायद्याच्या यादीत तर्जनीची दोन पेरं गेली की कमवायची ताकद 11 टक्के गेली असं धरतात, त्या हिशोबानं आता महिन्याला पैसे येतात, थोडे असले तरी हक्काचे आहेत.

वेगळ्या प्रायव्हेट पॉलिसीवाल्यांनी मात्र सहा महिने नुसतं फिरवलं, दरवेळी नवीन कागद. त्यांची लेखी तक्रार पण काकांनीच टाईप करून दिली.

घेतले फक्त झेरॉक्सचे 60 रुपये. दुपारी 2 ते 4 बंद असतंय, सकाळी जावा.