प्रो सायकलिंग मॅनेजर: सायकल न चालवता शर्यत जिंकण्याचा खेळ

फ्रान्समधील सायनाइड स्टुडिओचा ‘प्रो सायकलिंग मॅनेजर’ हा संगणकावरचा खेळ दरवर्षी टूर द फ्रान्स या फ्रान्समधील मोठ्या सायकल शर्यतीच्या सुमारास नव्या आवृत्तीत येतो. यात पेडल मारायचे नसते. कोणाशी करार करायचा, कोणाला कोणत्या शर्यतीला पाठवायचे आणि ऐन घाटात कोणी कोणासाठी दमायचे, हे संघव्यवस्थापक म्हणून ठरवायचे असते.

खरा कस लागतो तो संघबांधणीत. सपाट रस्ता, टेकड्या, मोठे घाट, टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्धची शर्यत), दगडी फरसबंदी, स्प्रिंट (शेवटच्या टप्प्यातली वेगवान झेप), उतार अशा प्रत्येक बाबतीत स्वाराचा वेगळा गुणांक असतो, आणि प्रायोजकाच्या अपेक्षा व पगाराची मर्यादा सांभाळून माणसे घ्यावी लागतात. टूरमध्ये २०१८ पासून प्रत्येक संघाला ९ ऐवजी ८ स्वारच उतरवता येतात. स्प्रिंटर घेतला की त्याला शेवटच्या किलोमीटरपर्यंत सुरक्षित आणणारा भिडूही हवा, म्हणजे दोन जागा तिथेच गेल्या. उरलेल्या सहांत पिवळ्या जर्सीचा, म्हणजे एकूण विजेतेपदाचा, दावेदार, त्याचे घाटातले साथीदार आणि सपाटीवर तासन्‌तास वारा अंगावर घेऊन मागच्यांना आडोसा देणारे दणकट गडी बसवायचे. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ माहीत असलेल्या आपल्या वाचकाला घाटवीर घेण्याचा मोह होईल, पण नुसत्या घाटवीरांचा संघ घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंतच थकलेला असतो.

शर्यतीत प्रत्येक स्वाराच्या शिल्लक ताकदीच्या पट्ट्या समोर दिसतात. पाण्याच्या बाटल्या आणायला एखाद्याला मागे संघाच्या गाडीकडे पाठवले, तर परत पुढे येण्यात त्याचीही ताकद खर्च होते, आणि चढ तोंडावर आला असताना हा हुकूम सोडला की एक साथीदार हातचा गेलाच म्हणून समजा. दूरचित्रवाणीवर सहसा लक्षात न येणारा हा हिशेब येथे डोळ्यांसमोर चालतो. २०२२ च्या टूरमध्ये अकराव्या टप्प्यात रोग्लिच आणि विंगेगार या एकाच संघातील स्वारांनी गालिबिए घाटात आळीपाळीने हल्ले करून प्रतिस्पर्धी पोगाचारला दमवले, आणि पुढे ग्रानोंच्या चढावर तो विंगेगारपेक्षा जवळपास तीन मिनिटांनी मागे पडला. एकाच संघात दोन तुल्यबळ नेते असले की प्रतिस्पर्ध्याला दर हल्ल्याला उत्तर देणे का भाग पडते, हे असा डाव स्वतः रचताना नीट उमगते.

उणिवाही आहेत. प्रतिस्पर्धी संघ पुढे निसटलेल्या गटाचा पाठलाग काहीसा ठरावीक साच्यात करतात. खऱ्या शर्यतीतले रुसवेफुगवे आणि आयत्या वेळचे साटेलोटे त्यात फारसे उतरलेले नाहीत. पडदा आकड्यांनी गजबजलेला असल्याने नवखा माणूस सुरुवातीला गांगरतो. परवान्याअभावी काही नावे बदललेली असतात. त्यावर चाहत्यांनी तयार केलेल्या माहितीसंचांचा उतारा मात्र उपलब्ध आहे. संपूर्ण टूरचे २१ टप्पे त्रिमितीय दृश्यात खेळायचे म्हटले तर वेळ फार जातो, म्हणून सपाट टप्पे जलद निकालावर सोडून घाटांचे तेवढे स्वतः खेळावेत.

सायकल शर्यतींची आवड असेल आणि आकड्यांचा कंटाळा नसेल, तर खेळ घेण्याजोगा आहे. दरवर्षी नवी प्रत घेण्याची मात्र गरज वाटत नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात जुनी आवृत्ती अधूनमधून सवलतीत मिळते, आणि पहिल्या हंगामासाठी मधल्या फळीतला एखादा संघ निवडला, तर पगाराचे गणित आणि माणसांची निवड या दोन्ही गोष्टी लवकर अंगवळणी पडतात.