जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : काही महिने रोज वापरल्यानंतर

आधी यंत्राची ओळख. २०१६ च्या सुमारास घेतलेला लॅपटॉप, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मूळची फिरती हार्ड डिस्क. कीबोर्ड, स्क्रीन, बिजागऱ्या सगळं शाबूत. त्यावरच्या विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे हे यंत्र त्या अटीत बसत नाही.

या अटीमागचं कारण पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. टीपीएममध्ये कूटबद्धतेच्या किल्ल्या सुरक्षित राहतात, चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती काढणं कठीण होतं. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घेण्याची सोयही दिली आहे. पण ती एकाच वर्षाची. त्यानंतर चालतं यंत्र एकतर धोका पत्करून वापरायचं, नाहीतर टाकून द्यायचं. मला दोन्ही मान्य नव्हतं, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या संगणक प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. ती मोफत आहे, उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे आणि मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

वेगाबद्दल लोक सर्वात आधी विचारतात, म्हणून तेही स्पष्ट लिहितो. लॅपटॉप आता झटपट सुरू होतो, पण त्याचं मोठं श्रेय लिनक्सचं नाही, एसएसडीचं, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कचं आहे. नाशिकला शरणपूर रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याने जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, पंख्यात साचलेली धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली. एवढ्यानेच अर्धं काम झालं. जुनं यंत्र संथ झालं म्हणून नवं घेण्याच्या विचारात कुणी असेल, तर आधी हे करून बघा. लिनक्स पुढचा भाग. लिनक्सही थेट बसवायची गरज नसते. पेनड्राइव्हवरून सुरू करून वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं तपासता येतं आणि तोवर डिस्कला हातही लागत नाही.

आता खरा विषय, मराठी. इंदिरानगरमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची पत्रकं, इतिवृत्तं आणि वार्षिक स्मरणिका मी करतो. पत्नी शाळेत शिकवते, तिच्या प्रश्नपत्रिका याच लॅपटॉपवर होतात. म्हणजे आमचं बहुतेक काम देवनागरीतलं. मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय लिपींसाठीची प्रमाणित मांडणी, सेटिंगमधून निवडला की लगेच टाइप करता येतं. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर आयबस नावाची सोय जोडून घ्यावी लागते, त्यात थोडा वेळ जातो. इनस्क्रिप्टमध्ये 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ शिफ्ट-जेवर आहे, त्यापुढे डीवरचा हलन्त, की झालं. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं दिलेली असतात, त्यांत मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी ठेवली की ल आणि श आपल्या वळणाचे होतात. ज्येष्ठ मंडळींना हे वळण ओळखीचं आहे. एका सभासदांनी पत्रक हातात घेतल्या घेतल्या 'या वेळी अक्षर छान आलंय' असं सांगितलं. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट फुकट आणि कायदेशीरपणे मिळतात, हेही इथे सांगायला हवं. छोट्या संस्थांच्या पत्रकांत चोरून उतरवलेले फॉन्ट वापरले जातात, त्याची काही गरज नाही.

मिंटचे मेनू मात्र मराठीत अर्धवट आहेत. अनुवाद स्वयंसेवक करतात आणि मराठीसाठी हात कमी पडतात. मी ते इंग्रजीतच ठेवले आहेत. ज्यांची मराठी चांगली आहे आणि संध्याकाळी तासभर मोकळा असतो, त्यांनी या कामात भाग घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

अडचण सुरू झाली ती फाइल घराबाहेर पाठवताना. स्मरणिका ज्या छापखान्यात छापतो, तिथली पानं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टवर लागतात. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसली तरी फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात. माझा युनिकोड मजकूर त्यांच्याकडे उघडला की नुसता कचरा दिसायचा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि ऱ्य हमखास बिघडतात आणि मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. शेवटी आतली सगळी पानं मीच लावली, फॉन्ट आत अंतर्भूत केलेली पीडीएफ दिली आणि एक नमुना पान छापून घेतलं. ते नीट आल्यावर ऑपरेटर दादांनी मान्य केलं. मुखपृष्ठाचं काम मात्र छापखान्याकडेच राहिलं.

प्रश्नपत्रिकांची गोष्ट आणखी त्रासाची. शाळेतून आलेली वर्डची डॉक्स फाइल मंगल फॉन्टमधली असते. मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्सवर नसतो. त्याजागी दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात आणि दोन पानांचा पेपर तिसऱ्या पानावर उतरतो. नुसतं पाठवायचं असेल तर पीडीएफ देऊन भागतं. 'बदल करून परत पाठवा' असं आलं की पीडीएफचा उपयोग नसतो. तेव्हा पत्नी शाळेतल्या संगणकावरच काम उरकते.

बाकीचं थोडक्यात. नेटबँकिंग, आयकर भरणं, रेल्वेचं तिकीट, मुलीचे ऑनलाइन क्लास, सगळं ब्राउझरमध्ये बिनतक्रार चालतं. निफाडला भाऊ असतो. त्याच्यासाठी महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सातबारा उतरवतो, तोही नीट उघडतो. प्रिंटर आपोआप ओळखला गेला, स्कॅनरला थोडी खटपट लागली. झाकण बंद करून ठेवलं तर या लॅपटॉपची बॅटरी जास्त उतरते, म्हणून मी पूर्ण बंद करतो. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, त्यामुळे दुकानदार आणि अकाउंटंट मंडळींनी या वाटेला एकदम येऊ नये. काही ऑनलाइन परीक्षांचं सॉफ्टवेअरही विंडोजच मागतं. घरात परीक्षार्थी असेल तर आधी चौकशी करा.

एवढी खटपट का, असं मला विचारलं जातं. 'दहा वर्षं वापरलास, आता नवा घे' हे सांगणारे माझ्या भल्याचंच सांगतात. पण लॅपटॉपच्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो बनतानाच होऊन गेलेला असतो. नंतर तो जितकी जास्त वर्षं चालेल तितका तो खर्च सार्थकी लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकांवर जबाबदारीही आहे. तरी जुना संगणक आधी भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. पुढे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, बोर्ड आम्लात बुडवले जातात. तो धूर ज्याच्या छातीत जातो त्याने तो लॅपटॉप कधी वापरलेलाही नसतो. मला सर्वात जास्त हेच टोचतं.

आणि या महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. यंत्र टिकवायचं की नाही, हे एकट्या वापरणाऱ्याच्या हातात फार थोडं असतं. माझा लॅपटॉप माझ्या कामाला पुरतो. तो अपुरा पडतो तो समोरच्याने विशिष्ट फॉन्ट, विशिष्ट फाइल, विशिष्ट सॉफ्टवेअर मागितलं की. शाळा, छापखाना, पतसंस्था, सरकारी कार्यालय यांनी युनिकोड आणि खुले, म्हणजे एका कंपनीच्या मालकीचे नसलेले, फाइल-प्रकार स्वीकारले, तर नाशिकमधल्या कितीतरी घरांतले संगणक काही न करता आणखी पाच वर्षं कामाचे राहतील. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण २०१५ पासून आहे. केरळात तर सरकारी शाळांमधले संगणक कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवर चालतात, शिक्षकांना तसं प्रशिक्षण मिळतं, पाठ्यपुस्तकंही त्याच धर्तीवर आहेत. तिथे एखाद्या शिक्षिकेला मंगल फॉन्टसाठी शाळेत थांबावं लागत नसेल.

म्हणून पत्नीच्या शाळेत आम्ही अर्ज दिला. प्रयोगशाळेतले काही संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत आणि ते निर्लेखित करायचं, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचं, चाललं होतं. शाळेला रोज लागणारी सरल आणि यूडायस प्लस ही विद्यार्थ्यांच्या व शाळेच्या नोंदींची सरकारी संकेतस्थळं ब्राउझरमध्ये चालतात, हे मुख्याध्यापिका बाईंना आमच्या लॅपटॉपवर दाखवलं. दोन संगणकांवर मिंट टाकायला त्यांनी होकार दिला. एकच अट घातली, पुढच्या घटक चाचणीचे पेपर सगळ्या शिक्षकांनी युनिकोडमध्ये आणि कोणत्याही संगणकावर सारख्याच दिसतील अशा फॉन्टमध्ये करायचे. मुक्ता फॉन्ट सगळ्या यंत्रांवर टाकायचं काम माझ्याकडे आलं आहे, ते या रविवारी करतो.