स्वयंसेवी गटासाठी व्हॉट्सॲप: कामाला चोख, नात्यांना बेताचेच

कोल्हापुरातील आमच्या विद्यार्थी स्वयंसेवी गटात पंचगंगा घाटाच्या स्वच्छतेपासून गणेशोत्सवातील निर्माल्य संकलनापर्यंतचे सारे नियोजन व्हॉट्सॲपवरच होते आणि निरोप पोहोचवण्यात त्याला तोड नाही. २०२२ मध्ये आलेल्या मतदानाच्या सोयीमुळे ‘रविवारी कोण येणार?’ या प्रश्नाखाली लागणारी ‘मी, मी’ची रांगही संपली.

माणसे सांभाळताना मात्र त्याची मर्यादा जाणवते. वैयक्तिक संभाषणात संदेश वाचल्याची निळी खूण बंद ठेवता येते. गटात तशी मुभा नाही, शिवाय कोणी किती वाजता वाचले हेही पाठवणाऱ्याला पाहता येते. त्यामुळे परीक्षेच्या धांदलीत एखादीने उत्तर दिले नाही, की ‘ताईंनी वाचून सोडून दिले’ अशी कुजबुज सुरू होते. पाठवलेला संदेश दुरुस्त करण्यास १५ मिनिटे मिळतात. रात्री तावातावाने लिहिणाऱ्याचा राग तेवढ्यात निवत नाही. असे रुसवे रंकाळ्यावर भेळ खातानाच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

केवळ ॲडमिनने लिहावे ही व्यवस्था सूचनांपुरती उत्तम आहे. आम्ही ती सर्वत्र लागू केली, तेव्हा नवी मुले बोलेनाशी झाली, म्हणून गप्पांचा गट वेगळा ठेवला आहे.