आन्ना राइसचं लाँगहाउस: दोन तासांत बघावं की एक रात्र राहावं?

मलेशियातल्या सारावाक राज्यात, कुचिंगला निघालेले बरेच जण विचारतात की बिदायुह या आदिवासी लोकांचं लाँगहाउस, म्हणजे अनेक कुटुंबांची एकाला एक लागून असलेली घरं, बघायला आन्ना राइस गावाला धावती भेट द्यावी, की तिथेच एक रात्र काढावी. मी दोन्ही केलंय, दोन वर्षांच्या अंतराने. सांतुबोंगचं सारावाक कल्चरल व्हिलेज हाही पर्याय असतो. सोबत लहान मुलं असतील तर तो उत्तमच. बिदायुह, इबान, ओरांग उलू अशा सगळ्यांची घरं आणि नाच एकाच आवारात बघून होतात. पण तिथे कुणाचा संसार नाही, म्हणून इथे तो बाजूला ठेवतो.

धावत्या भेटीत सोय मोठी. सकाळी सेमेंगोहच्या वन्यजीव केंद्रात ओरांगउटान बघायचे आणि तीच गाडी पुढे पदावानच्या डोंगरांकडे न्यायची. कुचिंगपासून हे गाव साधारण ६० किलोमीटरवर. तुआकचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, छोटा पेला, तान्जूवरून, म्हणजे घरांपुढच्या बांबूच्या उघड्या ओट्यावरून, एक फेरी, जुन्या लढायांतल्या शत्रूंच्या जतन केलेल्या कवट्या, आणि संध्याकाळच्या आत परत.

मला खुपलं ते वेगळंच. आपण पोचतो भर दुपारी. कामाची माणसं मळ्यात नाहीतर शहरात, मुलं शाळेत. मागे म्हातारी माणसं आणि उघडी दारं. तान्जू म्हणजे आपल्या खळ्यासारखी जागा, फक्त सगळ्या घरांची मिळून एकच, आणि घरं तिच्या कडेलाच. त्यामुळे चालता चालता कुणाचं अर्धं जेवलेलं ताट, कुणाची डुलकी, सगळं नजरेस पडतं. एक आजी चटईवर मिरी वाळत घालत होत्या. अर्धे दाणे अजून हिरवे, अर्धे काळे पडलेले. आमच्यातल्या चौघांनी मोबाइल पुढे केले. आजींनी मान खाली घातली, हात मात्र थांबले नाहीत. गाइड पुढून हाका मारत होता, म्हणून दोन शब्दही बोलता आले नाहीत. दुसऱ्याच्या पडवीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं, आणि परतीच्या रस्ताभर ते मनातून गेलं नाही.

मुक्कामाला गेलात की तुम्ही कुणाचे तरी पाहुणे असता. मला एवढ्या एका गोष्टीनेच फरक पडला. संध्याकाळी आमच्या यजमानीणबाईंनी ताज्या हिरव्या बांबूत कोंबडीचे तुकडे, आलं, गवती चहा भरला, तोंडाला टॅपिओकाच्या पानांचा बोळा कोंबला आणि बांबू विस्तवावर तिरका टेकवला. तो फिरवत राहायचं काम माझ्याकडे आलं. बाहेरून काळा पडला, तोंडाशी रस फसफसायला लागला, तेव्हा त्यांनी ‘झालं’ अशी खूण केली. शेजारचे एक काका येऊन बसले. कोकणात आम्ही मिरवेल सुपारीवर चढवतो, हे त्यांना सांगितलं. त्यांच्याकडे वेली लाकडी खांबांवर चढवतात. त्यावर तासभर गेला, निम्मा हातवाऱ्यांत.

अडचणी आहेतच. गाडीचा खर्च वाढतो. बांबूची जमीन रात्री कुणीही उठलं की कुरकुरते, आणि कोंबडे पहाटेची वाट बघत नाहीत. शाकाहारी असाल तर आधीच कळवा. मिदीन नावाची नेच्याची कोवळी भाजी फार चवदार, पण ती बऱ्याचदा बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचं वाटण, घालून परततात. जुन्या चित्रातलं गाव डोळ्यांसमोर असेल तर पत्र्याची छपरं आणि खाली लावलेल्या गाड्या बघून हिरमोड होईल. माझा झाला नाही. लोक राहतात तिथे असंच असणार. १ आणि २ जूनला गवाई, म्हणजे इथला सुगीचा सण, असतो. तेव्हा घरं नातेवाइकांनी भरलेली असतात, म्हणून विचारल्याशिवाय निघू नका.

प्रत्येकाला रात्र काढणं जमेलच असं नाही. हाताशी एकच दिवस असेल तर निदान रविवारी दुपारी जा. सकाळी बहुतेक मंडळी चर्चमध्ये असतात, दुपारी घरी असतात. गाइडला घाई करू नको म्हणून आधीच सांगा, आणि कुणी बसायला चटई सरकवली तर फोटो नंतर काढा.